खडकाला बांधलेली लेक

कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात काशाची एक छोटी मूर्ती आहे. वीतभरही उंची नसलेली ही मूर्ती प्राचीन ग्रीकांच्या समुद्रदेवाची, म्हणजे पोसायडनची आहे. पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरी टेकडीवर प्राचीन वस्तीच्या अवशेषांत काशाच्या वस्तूंचा जो साठा सापडला, त्यात ती होती. राजाराम महाविद्यालयातील प्रा. कुंदणगार यांच्या प्रयत्नाने हा साठा उजेडात आला आणि पुढे १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनी त्या टेकडीचे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. त्याच साठ्यात एक लहानशी चकतीही मिळाली. तिच्यावर उठावाच्या कामात एक तरुण वीर आणि एक राजकन्या दाखविली आहे. जाणकारांनी ही आकृती पर्सियस आणि अँड्रोमेडा यांची म्हणून ओळखली.

या दोन वस्तू एकाच साठ्यात सापडाव्यात हा मोठा विलक्षण योग म्हटला पाहिजे. ग्रीक पुराणकथेनुसार ज्या देवाच्या कोपामुळे अँड्रोमेडा समुद्रकाठच्या खडकाला बांधली गेली, तो देव पोसायडनच होय. कोपलेला देव आणि त्या कोपातून सुटलेली मुलगी, ही दोघेही सातवाहनांच्या काळात आपल्या दख्खनमध्ये येऊन पोहोचली होती.

ही कथा काय आहे, ती आपल्या मुलखापर्यंत कशी आली आणि ख्रिस्ती कुटुंबांनी ती आज का वाचावी, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. घरातील थोरांच्या अहंकाराची किंमत लहानांना कशी मोजावी लागते, हा या कथेचा गाभा आहे. सातारा-सांगलीच्या मातीला हा प्रश्न परका नाही, हे पुढे दिसून येईल.

यवनांची वाट

पुणे-सातारा रस्त्यावर नीरा नदी ओलांडली की शिरवळ लागते. आज महामार्ग आणि कारखाने यांमुळे हे गाव सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. परंतु शिरवळजवळच्या डोंगरात बौद्ध भिक्षूंची पंधराच्या आसपास लेणी आहेत, हे वाटसरूंपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. ही लेणी अगदी साधी आहेत. एक चैत्यगृह आणि भिक्षूंच्या निवासाचे विहार, एवढाच त्यांचा पसारा. शिरवळहून भोरकडे वळून वरंधा घाट उतरला की महाड येते. तेथेही लेणी आहेत. दक्षिणेला कऱ्हाडजवळ आगाशिवच्या डोंगरात तर लेण्यांचा फार मोठा समूह आहे. सह्याद्रीतील अशी लेणी बहुधा व्यापारी वाटांच्या आधाराने वाढली. कोकणातील बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर येई, आणि व्यापारी ज्या वाटेने जात त्याच वाटेवर भिक्षूंना आश्रय आणि दान मिळत असे.

या वाटांवर परदेशी माणसेही होती. प्राचीन शिलालेखांत त्यांना 'यवन' म्हटले आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक खांब धेनुकाकट येथील यवनांनी दान दिल्याचे त्या खांबांवरच कोरलेले आहे. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद या यवनांची दाने नोंदविली आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांतील १७ वे लेणे उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने खोदविले. या लोकांनी इथली नावे घेतली, इथला धर्म जवळ केला, इथल्या कामाला पैसा पुरविला. तेव्हा त्यांच्या कथाही त्यांच्याबरोबर आल्या असल्यास नवल नाही.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने समुद्रमार्गाची जी माहिती लिहून ठेवली, ती 'पेरिप्लस' या नावाने प्रसिद्ध आहे. तीत कल्याण आणि चौल ही बंदरे आहेत, पैठण आणि तेर या बाजारपेठाही आहेत. भडोच बंदरात कोणता माल उतरतो याची यादीही तीत दिली आहे. मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच यांच्या जोडीला राजासाठी खास वस्तू आणल्या जात: मौल्यवान चांदीची भांडी, गाणारी मुले आणि अंतःपुरासाठी सुंदर मुली. त्या व्यापाऱ्याने भांडी आणि मुली एकाच ओळीत, एकाच थंडपणे नोंदविल्या आहेत. बंधमुक्त झालेल्या राजकन्येचे चित्र ज्या व्यापाराने आपल्याकडे आले, त्याच व्यापारातून कुणाच्या तरी लेकी विकल्या जात होत्या. इतिहास वाचताना ही गोष्ट आपण नजरेआड करू नये.

ही देवघेव एकतर्फी नव्हती. इटलीतील पाँपेई हे शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ मध्ये भारतीय कारागिराने घडविलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्यासारख्या मूर्ती मराठवाड्यात तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आहेत. त्याच पाँपेईतील एका घराच्या भिंतीवर पर्सियस अँड्रोमेडाला हात देऊन खडकावरून उतरवीत असल्याचे रंगचित्र होते. आपली मूर्ती त्यांच्या घरी गेली आणि त्यांची कथा आपल्या घरी आली, असे म्हणता येईल.

कथा

इथियोपियाचा राजा सीफियस याची राणी कॅसिओपिया रूपाने सुंदर होती आणि त्या रूपाचा तिला ताठा होता. समुद्रातील नेरीड नावाच्या जलदेवतांपेक्षाही आपण सुंदर आहोत, अशी बढाई तिने मारली. काही कथाकारांच्या मते ही बढाई तिने स्वतःच्या रूपाविषयी नव्हे, तर लेकीच्या रूपाविषयी मारली होती. काही असो, जलदेवता दुखावल्या आणि त्यांची बाजू घेऊन पोसायडन कोपला. त्याने राज्यावर महापूर आणि एक समुद्रराक्षस सोडला. किनाऱ्यावरची गावे ओस पडू लागली.

राजाने आमोन देवाच्या दैववाणीला कौल लावला. उत्तर आले, की राजकन्या अँड्रोमेडा त्या राक्षसाला भक्ष्य म्हणून दिली तरच अरिष्ट टळेल. अपोलोडोरसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रंथात म्हटले आहे, की प्रजेने राजाला हे करण्यास भाग पाडले. मग राजाने स्वतःच्या मुलीला समुद्रकाठच्या खडकाशी साखळदंडांनी बांधले.

त्याच वेळी पर्सियस मेड्युसा नावाच्या राक्षसीचे शिर कापून त्या वाटेने परत येत होता. हे शिर जो पाही त्याचा दगड होई. बांधलेल्या राजकन्येला पाहून तो थांबला. रोमन कवी ओव्हिड याने हा प्रसंग इ.स. ८ च्या सुमारास पूर्ण झालेल्या आपल्या काव्यात विस्ताराने रंगविला आहे. मुलीचे आईबाप जवळच उभे राहून रडत आहेत, आणि पर्सियस त्यांच्याशी आधी करार करतो: मी हिला सोडविले, तर ही माझी पत्नी होईल. आईबाप केवळ होकार देत नाहीत, हुंडा म्हणून राज्यही देऊ करतात. राक्षस मारला जातो आणि मुलगी सुटते.

परंतु कथा येथे संपत नाही. विवाहाच्या मेजवानीत राजाचा भाऊ फिनियस शस्त्रधारी माणसांसह घुसतो. अँड्रोमेडा पूर्वी त्याला वाग्दत्त होती आणि आता तो आपला हक्क मागायला आला आहे. राजा त्याला विचारतो, ती खडकाला बांधलेली होती तेव्हा तू चुलता आणि नियोजित वर असूनही कुठे होतास? फिनियसजवळ उत्तर नाही. अखेर पर्सियस मेड्युसाचे शिर दाखवितो आणि फिनियसचा दगड होतो.

या सर्व घटनाक्रमात एक गोष्ट ठळकपणे जाणवते. आई बोलली, देव कोपला, कौल सुटला, प्रजेने हट्ट धरला, बापाने बांधले, वीराने करार केला, चुलत्याने हक्क सांगितला. मुलीला मात्र या कशाविषयीही कुणी विचारले नाही.

यापोचे बंदर

कथेतील इथियोपिया नेमके कुठे, याविषयी प्राचीन लेखकांत एकमत नव्हते. ओव्हिडने आपल्या दुसऱ्या एका काव्यात तर पर्सियसने अँड्रोमेडाला सावळ्या भारतीयांच्या देशातून नेले, असे म्हटले आहे. परंतु हळूहळू एक ठिकाण रूढ झाले, आणि ते आपल्याला पवित्र शास्त्रामुळे चांगले परिचित आहे. ते म्हणजे पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावरील यापो बंदर.

पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसेफस लिहितो, की अँड्रोमेडाच्या साखळ्यांच्या खुणा यापोच्या खडकावर दाखविल्या जातात. त्याच शतकातील रोमन लेखक प्लिनी सांगतो, की स्कॉरस नावाच्या अधिकाऱ्याने त्या समुद्रराक्षसाचा म्हणून एक प्रचंड सांगाडा यापोहून रोमला नेऊन लोकांना दाखविला. त्याची लांबी ४० फूट होती आणि बरगड्या भारतीय हत्तीहून उंच होत्या, असे वर्णन प्लिनीने केले आहे. तो सांगाडा बहुधा एखाद्या देवमाशाचा असावा. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम हे बेथलेहेममध्ये राहून पवित्र शास्त्राचे भाषांतर करीत होते. त्यांनीही योनाच्या ग्रंथावरील आपल्या भाष्यात यापोच्या या खडकांचा उल्लेख केला आहे.

योनाच्या ग्रंथावरच का? कारण देवाची आज्ञा टाळून पळणारा योना ज्या बंदरातून जहाजात बसला, ते बंदर यापोच होते. त्यालाही समुद्र, वादळ आणि महामत्स्य भेटले. नव्या करारात याच गावी संत पेत्राने टबीथा हिला मरणातून उठविले. ती विधवांसाठी अंगरखे आणि वस्त्रे शिवणारी परोपकारी बाई होती. येथेच, कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घराच्या गच्चीवर, देवाने शुद्ध केलेल्याला अशुद्ध मानू नये असा दृष्टान्त पेत्राला झाला आणि ख्रिस्तसभेची दारे सर्व राष्ट्रांसाठी उघडली.

यापोच्या जवळच लोद हे गाव आहे. संत जॉर्ज यांची प्राचीन कबर तेथे मानली जाते. संत जॉर्ज यांनी अजगराच्या तावडीतून राजकन्या सोडविली, ही आख्यायिका मध्ययुगात युरोपभर पसरली. ज्या किनाऱ्यावर पर्सियसची कथा सांगितली जात होती, त्याच्या शेजारीच पुढे संत जॉर्ज यांचे स्मरण होऊ लागले, ही गोष्ट अनेक अभ्यासकांच्या लक्षात आली आहे.

येथे एखाद्या वाचकाच्या मनात शंका येईल, की परधर्मीयांच्या दंतकथा आपण कशाला वाचाव्यात? या शंकेला ख्रिस्तसभेने फार पूर्वी उत्तर दिले आहे. संत पौलाने अथेन्समध्ये भाषण करताना ग्रीक कवींचाच दाखला दिला. चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप संत बाझिल यांनी तरुणांसाठी लिहिलेल्या एका प्रबंधात सांगितले, की मधमाशी जशी प्रत्येक फुलावर बसत नाही आणि बसते त्या फुलातूनही हवे तेवढेच घेते, तसे ग्रीक वाङ्मय वाचावे. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध करताना इथल्याच पुराणांची ओवी आणि त्यांचीच भाषा हाती घेतली. तेव्हा या कथेतूनही आपण मध घ्यावा.

कथेचे धडे

पहिला धडा गर्वाचा. कॅसिओपियाने चोरी केली नाही, खून केला नाही. तिने फक्त तुलना केली. मी त्यांच्याहून वरचढ, एवढेच ती बोलली. परंतु अशा तुलनेला अंत नसतो, आणि तिचा शेवट माणसाने स्वतःला देवाच्या पंक्तीत बसविण्यात होतो. याच्या अगदी उलट प्रसंग प्रेषितांच्या कृत्यांत आहे. लुस्त्र गावी संत पौलाने एका पांगळ्याला बरे केले, तेव्हा तेथील लोकांनी बर्णबाला झ्यूस आणि पौलाला हर्मीस ठरविले आणि त्यांच्यापुढे बळी देण्यासाठी बैल आणले. दोघा प्रेषितांनी आपली वस्त्रे फाडली आणि आम्हीही तुमच्यासारखीच माणसे आहोत, असे ओरडून सांगितले. न मागता मिळणारे देवपण त्यांनी नाकारले. राणीने न मिळणारे देवपण मागितले. दोन्ही प्रसंग ग्रीक जगातलेच आहेत, परंतु एका प्रसंगी माणसे वाचली आणि दुसऱ्या प्रसंगी राज्य बुडू लागले.

दुसरा धडा बलिदानाचा, आणि तो अधिक कठीण आहे. सीफियसला आपण क्रूर म्हणू शकत नाही. तो रडत होता. त्याच्यासमोर प्रजेचा आकांत होता आणि देवाचा म्हणून सांगितलेला कौल होता. एकीने मरावे म्हणजे सर्व वाचतील, हा त्याचा हिशोब होता. जुन्या करारातील शास्त्यांच्या ग्रंथात इफ्ताहाची गोष्ट आहे. विजय मिळाला तर घराच्या दारातून जो प्रथम भेटायला येईल त्याचा होम करीन, असा नवस त्याने केला आणि डफ वाजवीत, नाचत बाहेर आली ती त्याची एकुलती एक मुलगी. नवस बापाने केला आणि फेडला तो मुलीने. पवित्र शास्त्र ही गोष्ट सांगते ती इफ्ताहाचे कौतुक करण्यासाठी नव्हे. देवाने अब्राहामाचा हात इसहाकावर पडण्याआधीच थांबविला होता, हे आपण विसरू नये. पुढे यहेज्केल संदेष्ट्याने तर स्पष्टच सांगितले, की बापाने आंबट द्राक्षे खाल्ली म्हणून मुलांचे दात आंबावेत ही म्हण इस्राएलात पुन्हा ऐकू येऊ नये.

सीफियसचाच हिशोब आपल्याला येशूच्या दुःखसहनाच्या इतिहासात पुन्हा भेटतो. सर्व राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा एका माणसाने मरावे हे हिताचे, असा सल्ला प्रमुख याजक कयफाने दिला. या दोन घटनांतील साम्य पाहून कुणी म्हणेल, की मग अँड्रोमेडा आणि ख्रिस्त यांत फरक तो कोणता? फरक मूलभूत आहे. प्रभू येशूने आपला प्राण आपण होऊन दिला. तो कुणी त्याच्याकडून हिरावून घेतला नाही, असे त्यानेच सांगितले आहे. बलिदान हे ज्याचे जीवन त्यानेच द्यावयाचे असते. दुसऱ्याचे जीवन देऊन टाकणे आणि त्याला त्यागाचे नाव देणे, हे बलिदान नव्हे. घराण्याच्या नावासाठी, भावाच्या शिक्षणासाठी, बापाच्या शब्दासाठी मुलीने त्याग करावा असे जेव्हा घरातील मोठी माणसे ठरवितात, तेव्हा ती ख्रिस्ताचे उदाहरण देत असली तरी वागतात कयफासारखी.

तिसरा धडा सोडविणाऱ्यांचा. पर्सियस शूर होता यात संशय नाही. परंतु साखळी तोडण्यापूर्वी त्याने अट घातली. संकटात सापडलेल्या आईबापांकडून घेतलेला शब्द हा मोकळ्या मनाने दिलेला शब्द नसतो. आणि फिनियस? नाते आणि हक्क दोन्ही असलेला हा माणूस संकटाच्या वेळी दिसला नाही, मेजवानीच्या वेळी मात्र हजर झाला. असे आप्त प्रत्येक गावात असतात. मुलगी शिकत असताना, आजारी असताना, सासरी छळ सोसत असताना ते कुठे नसतात. तिच्या लग्नात मानपानासाठी मात्र ते पहिल्या रांगेत बसतात. फिनियसचा दगड मेड्युसाचे शिर पाहून झाला असे कथा म्हणते. खरे पाहता, मुलगी खडकाला बांधलेली पाहूनही जो हलला नाही, त्याचा दगड तेव्हाच झालेला होता.

मराठी आकाशातील देवयानी

ग्रीकांनी या कथेतील प्रमुख पात्रांना आकाशात स्थान दिले. हिवाळ्याच्या सुरुवातीला रात्री उत्तरेकडे पाहिले, तर ही सारी तारकामंडळे शेजारी शेजारी दिसतात. कॅसिओपिया खुर्चीवर बसलेली आहे. उत्तरेकडील देशांत ती मावळत नाही आणि ध्रुवाभोवती फिरताना काही काळ डोके खाली करून लटकते. ही तिच्या गर्वाची शिक्षा, असे प्राचीन लेखक म्हणत. आपल्या अक्षांशावरून पाहताना ती इतर ताऱ्यांसारखीच उगवते आणि मावळते.

मराठीत या तारकामंडळांना जी नावे रूढ आहेत, ती अत्यंत मार्मिक आहेत. अँड्रोमेडाला आपण देवयानी म्हणतो, कॅसिओपियाला शर्मिष्ठा, सीफियसला वृषपर्वा, पर्सियसला ययाती आणि त्या समुद्रराक्षसाला तिमिंगल. देवयानी मंडळातील दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असूनही काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांनी धूसर ठिपक्यासारखी दिसते.

महाभारतातील ययातीची कथा आपल्या परिचयाची आहे. दैत्यराज वृषपर्व्याची मुलगी शर्मिष्ठा आणि गुरू शुक्राचार्यांची मुलगी देवयानी यांचे वस्त्रांवरून भांडण झाले. शर्मिष्ठेने बापाच्या राजेपणाची बढाई मारली आणि देवयानीला विहिरीत ढकलले. ययातीने हात देऊन तिला बाहेर काढले. शुक्राचार्य राज्य सोडून निघाले, तेव्हा राज्य वाचविण्यासाठी वृषपर्व्याने आपली मुलगी देवयानीची दासी म्हणून दिली. येथेही एक बढाई आहे, एक हतबल राजा आहे, राज्यासाठी दिलेली मुलगी आहे आणि हात देणारा वीर आहे. पुढे तर बापाच्या भोगलालसेची किंमत मुलाने मोजली. शापाने आलेले वार्धक्य ययातीने मुलांपुढे धरले आणि पुरूने आपले तारुण्य बापाला दिले.

या कथेवर 'ययाती' ही कादंबरी लिहिणारे वि. स. खांडेकर यांचा जन्म १८९८ मध्ये सांगलीत झाला आणि त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ कोल्हापुरात गेला. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीने मराठीला पहिले ज्ञानपीठ पारितोषिक मिळवून दिले. ज्या कोल्हापुरात अँड्रोमेडा मातीतून वर आली, त्याच कोल्हापुरातील लेखकाने देवयानी-शर्मिष्ठेची कथा पुन्हा घराघरांत पोहोचविली.

सातारा-सांगलीच्या लेकी

आता आकाशातून जमिनीवर यावे. २०११ च्या ऑक्टोबर महिन्यात सातारा जिल्ह्यात एक आगळा समारंभ झाला. 'नकुशी' किंवा 'नकोशी' हे नाव लावून जगणाऱ्या २८० हून अधिक मुलींना त्या वेळी नवी नावे देण्यात आली. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून जन्मतःच तिचे नाव 'नको' असे ठेवले गेले होते. शाळेच्या हजेरीपटावर रोज हाक मारली जाई ती याच नावाने. अँड्रोमेडाची साखळी लोखंडाची होती. या मुलींची साखळी शब्दाची होती आणि ती आईबापांनीच घातली होती.

सहा वर्षांनी, मार्च २०१७ मध्ये, सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे जमिनीत पुरलेले १९ भ्रूण सापडले आणि सारा महाराष्ट्र हादरला. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ पासून अस्तित्वात होता. तेव्हा कमतरता कायद्याची नव्हती. राक्षस बाहेरून समुद्रातून येतो, असे ग्रीकांना वाटले. आपल्याकडे तो घरातच बसलेला असतो, आणि त्याला कधी वंशाचा दिवा म्हणतात, कधी प्रतिष्ठा, कधी रीत.

आपली ख्रिस्ती कुटुंबे यापासून फार दूर आहेत, असे समजून निर्धास्त राहणे योग्य नव्हे. आपल्यात नकुशी हे नाव कुणी ठेवीत नाही. स्नानसंस्काराच्या वेळी आपण मुलीला संताचे नाव देतो आणि ती देवाचे लेकरू आहे असे जाहीर करतो. परंतु त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत काय घडते? शेजाऱ्याच्या मुलाला जितके गुण मिळाले त्याहून आपल्याला अधिक हवेत, म्हणून मुलाच्या आवडीविरुद्ध त्याची शाखा ठरविली जाते. अमक्याच्या लग्नात पाचशे पाने उठली, म्हणून आपल्याकडे हजार उठावीत यासाठी कर्ज काढले जाते आणि ते नवविवाहित मुलगा फेडीत राहतो. मुलीच्या पसंतीआधी घराणे पाहिले जाते. विवाह संस्काराच्या वेळी वधूवरांना संमती त्यांच्याच मुखाने विचारली जाते, ही केवळ औपचारिकता आहे असे मानणारे आईबाप आजही आढळतात. वस्तुतः अँड्रोमेडाला जो प्रश्न कुणी विचारला नाही, तोच प्रश्न ख्रिस्तसभा वेदीपुढे सर्वांसमक्ष प्रत्येक मुलीला विचारते. त्या प्रश्नाचा मान घराघरांत राखला जाणे आवश्यक आहे.

मग साखळी तोडणारा कोणी आपल्या मुलखात झाला नाही काय? झाला, आणि ती एक स्त्री होती. शिरवळ ज्या खंडाळा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. १८४८ मध्ये जोतीरावांसह त्यांनी पुण्यात मुलींची शाळा चालू केली. अंगावर शेण आणि दगड झेलीत त्या शाळेत जात. फसविल्या गेलेल्या विधवांना आणि त्यांच्या अर्भकांना मरणाखेरीज वाट उरत नसे, म्हणून १८६३ मध्ये या दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. अशाच एका विधवेचे मूल त्यांनी स्वतःचे म्हणून वाढविले. तोच त्यांचा मुलगा यशवंत. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली असता रुग्णांची सेवा करताना त्यांनाही तो रोग जडला आणि १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला.

पर्सियसशी त्यांची तुलना करून पाहावी. पर्सियसने सोडविण्यापूर्वी मोबदला ठरविला, सावित्रीबाईंनी कधी कोणता करार केला नाही. पर्सियसने एका राजकन्येला सोडविले, सावित्रीबाईंनी ज्यांना कुणी विचारीत नव्हते अशा मुलींच्या हाती पाटी दिली. पर्सियसजवळ शत्रूचा दगड करणारे शिर होते. सावित्रीबाईंजवळ तसले काही नव्हते, त्यांच्यावरच दगड पडत होते. आणि शेवटी दुसऱ्याचा जीव वाचविताना त्यांनी स्वतःचा जीव दिला. तो त्यांचा होता म्हणून त्यांना देता आला. प्रभूने आपल्या मित्रांसाठी प्राण देण्याविषयी जे सांगितले, त्याचा अर्थ नायगावच्या या कन्येने आपल्या जगण्याने आणि मरणाने स्पष्ट केला.

कोल्हापूरला जाणाऱ्या कुटुंबांनी अंबाबाईचे देऊळ, रंकाळा आणि पन्हाळा यांबरोबर टाऊन हॉलचे संग्रहालयही मुलांना अवश्य दाखवावे. तो वीतभर पोसायडन दाखविताना त्यांना अँड्रोमेडाची कथा सांगावी. परत येताना शिरवळला थांबून नायगावला जावे आणि सावित्रीबाईंचे जन्मघर दाखवावे. दोन्ही कथा ऐकल्यावर मुले एखादा प्रश्न विचारतील. त्या मुलीला कुणी का विचारले नाही, असा तो असेल, किंवा आमच्या बाबतीत तुम्ही आम्हाला विचारता का, असाही असू शकेल. त्या वेळी आईबापांनी घाई न करता, मुलांचे पूर्ण ऐकून घेऊन उत्तर द्यावे.